वापरात नसलेलं घर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सरजाबाईने घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, माती टाकली. ही माती साधी नसते. जुन्या गावठाणाच्या टेकाडावरून पांढरी खणून आणावी लागते. ती पाणी धरत नाही, वरच्यावर वाहून देते. सून ज्योत्स्ना शिडीवर उभी राहून घमेली देत होती आणि सरजाबाई वर बसून माती पसरत होती. तिचं वय सत्तरच्या आसपास. गुडघे वाकत नव्हते म्हणून ती बसल्याबसल्या सरकायची आणि लाकडी चोपण्याने माती ठोकत मागे मागे यायची.

"आत्याबाई, बास की आता," ज्योत्स्ना म्हणाली. "आतून बघा जरा. तुळईला बाक आलाय."

"तो बाक तुझ्या लग्नाच्या आधीपासून हाय. तू आलीस तवा पदर होता तोंडावर, म्हणून दिसला न्हाई."

पिंपरवेलच्या बौद्धवस्तीत हे शेवटचं घर. दोन खण, दगडमातीच्या भिंती, वर लाकूड, काटक्या, पाला आणि माती. किल्लारीच्या भूकंपात मागच्या भिंतीला कोपऱ्यापासून उभी भेग गेली होती. तेव्हा कुणी एक इंजिनियर येऊन गेला. भिंतीवर खडूने आकडा टाकला आणि छतावरची माती काढून वजन कमी करा, असं सांगून गेला. सरजाबाईचा नवरा मारोती पुढची पंधरा वर्षं म्हणत राहिला की यंदा माती काढू. पण माती काढली तर तो पावसाळा काढायचा कुठे? तो गेला. भेगेत चिखल भरत राहिला, खडूचा आकडा सारवणाखाली गेला आणि दर मे महिन्यात छतावर एक थर वाढत गेला. आता वरची माती दीड हात झाली होती. मागच्या भिंतीला बाहेरच्या अंगाने पोट आलं होतं.

माती टाकून होते न होते तोच सरपंच किशनराव आले. गावातली मोठी जमीन त्यांची. सरजाबाईचा मुलगा आनंदराज आणि ज्योत्स्ना वर्षातले सहा महिने त्यांच्याच रानात कामाला असायचे.

"काकू, उतरा खाली. आनंदा कुठाय?"

"उतरायला लागतो अर्धा तास. बोला तिथूनच, कान हायत मला."

आनंदराज आतून बाहेर आला. किशनरावांनी मोटरसायकल बंद केली नाही. "सोमवारी तालुक्याचं पथक यायलंय. भूकंप झाला तर माणसं कशी काढायची, त्याची रंगीत तालीम. त्याला एक पडकं घर लागतंय."

"आमचं पडकं न्हाई," सरजाबाई वरून म्हणाली.

"पडायला झालेलं म्हणू, मग तर झालं? आनंदा, घरकुलाचे अर्ज किती केलास?"

"तीन."

"कागदावर घर दिसतंय का कुणाला? साहेब लोक आत येतील, तुळई बघतील, भिंतीचं पोट बघतील. आपसूक यादीत नाव लागतंय. मी काय तुझ्या वाईटाचं सांगायलाव?"

त्यांनी वाईटाचं सांगितलं नव्हतं. नाव लागेल असं त्यांना स्वतःलाही वाटत होतं.

सोमवारी दोन जीपा, एक रुग्णवाहिका आणि मंडपवाल्याचा टेम्पो आला. शाळेच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत मदत क्रमांक रंगवून झाला. वर्गाच्या दारावर 'निवारा केंद्र' असा कागद चिकटवला गेला. ग्रामसेवक एक छापील कागद घेऊन आनंदराजच्या दारात आला.

"इथं सही कर. संमतीपत्र."

ज्योत्स्ना बारावीपर्यंत शिकलेली. तिने हात पुढे केला. "बघू."

"वहिनी, साहेब उन्हात उभे हायत. निसती पद्धत असती ही."

आनंदराजने सही केली. ग्रामसेवक कागद फायलीत घालत म्हणाला, "आणि सामान तेवढं बाहेर घ्या. तालमीला घर मोकळं लागतंय. एखादं भांडं साहेबाच्या डोक्यात पडलं तर माझी नोकरी जाईल."

सासूसुनांनी घर बाहेर काढलं. डबे, अंथरुणं, पाण्याची घागर, लोखंडी पेटी, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. सगळं लिंबाखाली मांडलं. ज्योत्स्नाची आठवीतली मुलगी बुद्धप्रिया फोटो मांडीवर घेऊन बसली. बघायला जमलेल्या बायका सामान बघत होत्या. फाटकी गोधडी वर आली होती, ती ज्योत्स्नाने उलटी करून ठेवली. दहा मिनिटांत घर रिकामं झालं. पथकातल्या एका पोराने रिकाम्या घराचे आतून-बाहेरून फोटो काढले.

मग आठ जण बूट घालून माळवदावर चढले.

"अवो, वर नका जाऊ! बोटभर ओल हाय अजून मातीत," सरजाबाई ओरडली.

"आजी, तुम्ही आत जाऊन झोपा," पथकाचा प्रमुख म्हणाला. "तुम्ही बेशुद्ध आहात. बोलायचं नाही."

"बेशुद्ध माणसाला खोकला चालतो का?"

लोक हसले. प्रमुखही हसला. एका पोरीने सरजाबाईच्या कपाळाला लाल शाई लावली. भोंगा वाजला. छतातलं उजेडाचं भोक मोठं करून दोर खाली सोडला. सरजाबाईला स्ट्रेचरवर बांधून दारातून बाहेर काढलं, तेव्हा ती पदराने तोंड झाकून हसत होती. शेजारची मल्लम्मा ओरडली, "सरजे, नवरदेव कुठाय गं?"

"म्होरं गेलाय," सरजाबाई स्ट्रेचरवरून म्हणाली.

मंडपात नायब तहसीलदारांनी माइकवर सांगितलं की बाधित व्यक्तीला अकरा मिनिटांत सुरक्षित बाहेर काढण्यात आलं. टाळ्या झाल्या. सरजाबाईला बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची बाटली मिळाली. ज्योत्स्नाला गाव पथकाची सदस्य म्हणून नारिंगी जाकीट घातलं, फोटो काढला आणि जाकीट परत घेतलं. आनंदराज नायब तहसीलदारांच्या मागे मागे जीपपर्यंत गेला.

"साहेब, घर बघितलंत न्हवं?"

"हो हो. एकदम योग्य जागा निवडली तुम्ही," ते म्हणाले, आणि जीप गेली.

संध्याकाळी सामान आत गेलं. सरजाबाई शिडीने वर गेली. ठोकून गुळगुळीत केलेल्या मातीवर आठ माणसांच्या बुटांचे ठसे होते आणि वाळलेल्या कडेला चिरा पडल्या होत्या. तिने तीन दिवस पुन्हा पांढरी वाहून आणली आणि वरून आणखी एक थर दिला.

ऑगस्टमध्ये घरकुलाची यादी लागली. पिंपरवेलची सतरा नावं होती. आनंदराजचं नव्हतं.

तलाठी संगमेश तरुण होता, उदगीरकडचा. लोकांना खुर्ची द्यायचा. त्याने आनंदराज आणि ज्योत्स्नाला बसवलं, संगणकावर घर क्रमांक टाकला आणि नोंद दोनदा वाचली. मग पडदा त्यांच्याकडे वळवला.

पडद्यावर त्यांचं घर होतं. रिकामं. फडताळ रिकामं, खुंट्या रिकाम्या, चुलीवर काही नाही. शेजारी लिहिलेलं होतं: पडीक, वापरात नाही. मालकाचे संमतीपत्र सोबत.

"हे काय?" आनंदराज म्हणाला.

"तालीम राहत्या घरात घेता येत नाही. नियम आहे तसा. म्हणून तुमच्याकडून लिहून घेतलं असणार की घर वापरात नाही. ही सही तुमचीच ना?"

आनंदराजने सहीकडे बघितलं. ज्योत्स्नाने त्याच्याकडे बघितलं नाही.

"मग आम्ही राहतो कुठं म्हणं?" तिने विचारलं.

"त्याचा रकाना नाही त्यात."

संगमेशने स्वतःच दुरुस्तीचा अर्ज लिहून दिला. तो वाईट माणूस नव्हता. अर्जावर शिक्का मारताना तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, नीट ऐका. मंडळ अधिकारी स्थळ पाहणीला येतील. तारीख सांगून येणार नाहीत. आज येतील, महिन्याने येतील. ते आले तेव्हा घराला कुलूप असलं, तर संपलं. मग जे लिहिलंय तेच खरं ठरतं. दार उघडं पाहिजे, माणूस आत पाहिजे, चूल पेटलेली पाहिजे. त्याचा फोटो निघाला की मी पुढचं बघतो."

घरी आल्यावर ज्योत्स्नाने हे सासूला जसंच्या तसं सांगितलं. सरजाबाईने लक्ष देऊन ऐकलं. तालमीत तिला बेशुद्ध व्हायला सांगितलं होतं, त्यापेक्षा हे काम तिला सोपं वाटलं.

"म्हणजे मी घरात बसायचं आन् चूल विझू द्यायची न्हाई. एवढंच न्हवं?"

"एवढंच."

"मग तुम्ही रानात जावा बिनघोर."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. सकाळी नऊला सरजाबाई लुगडं बदलायची. किशनरावांच्या घरून मागून आणलेल्या दोन कपबश्या धुऊन फडताळात पुढे ठेवायची. दुधाचा पेला झाकून ठेवायची. दहाला चुलीत तुराटी, तुरीची वाळकी काटकी, सरकवायची आणि दारात तोंड करून बसायची. पावणेसहाला उठायची. दुधाचा चहा मग घरातलीच माणसं प्यायची. ऑगस्ट गेला. रस्त्याने कुणी पँट-शर्टातला माणूस आला की ती तुराटी पुढे ढकलायची. एकदा विमा एजंट आला, एकदा कुकर दुरुस्त करणारा. दोघांनाही चहा मिळाला.

"माय, आज कोण आलं?" आनंदराज विचारायचा.

"कुकरवाला. लई भला माणूस. आपल्याकडं कुकर न्हाई म्हणलं तर वाईट वाटलं त्येला."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. पहिले दोन दिवस लोक बरं म्हणाले. पाचव्या दिवशी ओढ्याने पूल झाकला. सोयाबीन काढणीला आलं होतं आणि शेंगा झाडावरच काळ्या पडायला लागल्या. किशनरावांच्या रानात गुडघाभर चिखलात वाकून पंधरा माणसं सोयाबीन उपटत होती आणि बांधावरच्या उंचवट्यावर नेऊन टाकत होती. ज्योत्स्नाच्या पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटली. ती रात्री त्यात खोबरेल घालायची आणि सकाळी पुन्हा चिखलात उतरायची.

माळवदाने सात दिवस दम धरला. आठव्या दिवशी तालमीत मोठं केलेल्या भोकाच्या कडेने पाणी आत आलं. आनंदराजने गावातल्या दुकानातून ताडपत्री आणली, वर अंथरली आणि दगड ठेवले. सरजाबाईला ते पुरेसं वाटलं नाही. ताडपत्रीखालून पाणी जातंय म्हणून तिने आनंदराजकरवी भोकाभोवती आणखी दहा घमेली पांढरी घालून घेतली. आयुष्यभर गळक्या छताला तिने हाच एक इलाज केला होता, आणि आजवर तो लागू पडला होता.

त्या संध्याकाळी भिंतीच्या पोटातून माती सुटून पडली. मुठीएवढा दगड बाहेर आला. आनंदराजने तो पुन्हा जागेवर दाबून बघितला. तो बसला नाही.

तो शाळेवर गेला. दारावर 'निवारा केंद्र' हा कागद अजून होता, शाई उतरून निळा ओघळ झाला होता. दाराला कुलूप होतं. त्याने मुख्याध्यापकांना लातूरला फोन लावला.

"किल्ली माझ्याकडेच आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "पण निवारा केंद्र उघडायला वरून आदेश लागतो. परवा वर्गात धान्य ठेवलं म्हणून मला नोटीस आली. तुम्ही तहसीलला विचारा."

तहसीलच्या फोनवरच्या माणसाने सगळं लिहून घेतलं. विचारलं, "घर क्रमांक?" आनंदराजने सांगितला. पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. "ते घर तर वापरात नाही दाखवतंय."

आनंदराजने फोन ठेवला.

शेवटी वस्तीतली चार घरं बुद्धविहारात झोपायला गेली. विहार सिमेंटचा, एका खोलीचा. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. सरजाबाई बुद्धप्रियाजवळ झोपायची. पण सकाळी नऊ वाजले की ती उठून, डोक्यावर खताचं रिकामं पोतं घेऊन, घराकडे निघायची.

"आत्याबाई, आता कोण साहेब यायलाय पावसात?" ज्योत्स्नाने तिचा हात धरला.

"पावसात न्हाई आला, म्हणजे उघडीप झाली की येतोय. आन् त्यो आला आन् दाराला कुलूप असलं, तर?"

"भिंत बघितलीत का?"

"मी मागच्या भिंतीला बसतच न्हाई. चुलीपशी बसते. चूल दाराच्या बाजूला हाय." मग ती हसली. "साहेब लोक रातीला येत न्हाईत, एवढं बरं हाय. दहा ते पावणेसहा. शिपायाची नोकरीच हाय माझी."

"मी बसते. तुम्ही विहारात थांबा."

"तू बसल्यावर रानात कोण जाईल? मला चिखलात वाकाय येतंय का?"

 ज्योत्स्नाने हात सोडला.

त्यानंतर चार दिवस असंच गेलं. रविवारी सरजाबाई गेली नाही. रविवारी कचेरीला सुट्टी असते, हे तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

मंगळवारी सकाळी उघडीप झाली. नऊ वाजता ऊनही पडलं. किशनराव रानात ओरडून सांगत होते की जेवढं निघेल तेवढं आज काढा, दुपारनंतर पुन्हा येतोय. सव्वा अकराच्या सुमारास गावाच्या बाजूने आवाज आला. फार मोठा नव्हता. ट्रॉलीतून दगड एकदम ओतावेत तसा. रानातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. वस्तीच्या टोकाला पांढरी धूळ उठली होती. दोन आठवडे भिजलेल्या गावात धूळ कुठून आली, असं कुणी तरी म्हणालं. ज्योत्स्ना तोवर बांध ओलांडून गेली होती.

मागची भिंत बाहेरच्या बाजूला पडली होती. भिंत गेल्यावर तुळई निसटली आणि दोन्ही खणांचं माळवद सरळ खाली बसलं होतं. समोरची भिंत आणि दाराची चौकट उभी होती. दार उघडं होतं. दारातून आत बघितलं तर छातीएवढी माती दिसत होती. वरचे थर चिकट, काळे. खालचे, वर्षानुवर्षांचे, कोरडे, पांढरे.

ज्योत्स्नाने फोन काढला. शाळेच्या भिंतीवरचा क्रमांक तिला पाठ होता, कारण जाकीट घालून फोटोसाठी ती त्याच भिंतीपुढे उभी राहिली होती. तिसऱ्यांदा लागला.

"पिंपरवेलवरून बोलते. घर पडलंय. बाई आत हाय."

"कुठून?"

"पिंपरवेल."

पलीकडच्या माणसाने विचारलं, "म्याडम, रंगीत तालीम आहे की प्रत्यक्ष घटना?"

"प्रत्यक्ष," ज्योत्स्ना म्हणाली.

"पूल पाण्याखाली आहे तिकडचा. पथक दुसरीकडे गेलंय. नोंद घेतो."

लोकांनी टिकाव आणले आणि लगेच बाजूला ठेवले, कारण आत माणूस होतं. हातांनी माती काढायला सुरुवात झाली. आनंदराज तुळईखाली खांदा लावून उभा होता आणि बाकीचे त्याच्या पायाजवळून माती उपसत होते. किशनराव धोतर खोचून घमेली फेकत होते. मल्लम्मा दारात बसून ओरडत होती, "सरजे, खोक गं एकदा! खोक!" सगळे थांबून कान द्यायचे. पुन्हा उपसायला लागायचे. एका तासाने पाऊस आला आणि काढलेली माती परत आत वाहायला लागली. कुणी तरी ताडपत्री धरली. स्ट्रेचर ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल असं कुणी तरी म्हणालं. कपाट फोडलं तर त्यात तालमीचे फलक निघाले, स्ट्रेचर तालुक्याला परत गेलेलं होतं.

सरजाबाई पावणेचारला सापडली. ती खरोखरच दाराच्या बाजूला, चुलीपाशी होती. भिंतीचा एकही दगड तिच्यावर पडला नव्हता. नुसती माती होती. कोपरापर्यंत हात मातीत घालून ज्योत्स्नाने तिचं तोंड मोकळं केलं, नाकातली, तोंडातली माती बोटाने काढली. मग पदराने कपाळ पुसलं आणि पुसतच राहिली. किशनरावांनी तिला मागे ओढलं.

तिला दाराच्या फळीवर घालून विहारात नेलं. पूल पाण्याखाली असल्यामुळे त्या दिवशी तालुक्याहून कुणी येऊ शकलं नाही.

बुधवारी दुपारी ट्रॅक्टरवर बसून मंडळ अधिकारी आले, सोबत संगमेश. शवविच्छेदनासाठी बॉडी त्याच ट्रॅक्टरने न्यायची होती. मंडळ अधिकारी पन्नाशीचे होते, पायात रबरी बूट, डोळे जागरणाने लाल. त्यांनी बूट बाहेर काढून विहारात हात जोडले. मग घराकडे आले. ज्योत्स्ना, आनंदराज, किशनराव आणि वस्तीतली पाच-सात माणसं उभी होती.

"माझ्याकडे तुमचा पाहणीचा अर्ज होता," मंडळ अधिकारी आनंदराजला म्हणाले. "या आठवड्यात येणारच होतो. एकशे चाळीस गोठे, घरं... माणसं किती आहेत आम्ही? चार."

आनंदराज मान हलवून हो म्हणाला. तुळईने त्याचा खांदा काळानिळा झाला होता, हात वर होत नव्हता.

संगमेश हातातल्या लिहायच्या फळीवर कागद ठेवून पंचनामा लिहीत होता. लिहिताना तो चुलीकडे बघत नव्हता. चूल अर्धी दिसत होती. तिच्यातली तुराटी टोकाला जळलेली होती आणि मधेच विझली होती. फडताळ आडवं झालं होतं. त्याच्याखालून बुद्धप्रियाने एक कपबशी काढली आणि पुसून किशनरावांच्या हातात दिली. दुसरी फुटली होती.

"तुमची फुटली एक," ती म्हणाली.

किशनराव कपबशी घेऊन तसेच उभे राहिले.

मंडळ अधिकाऱ्यांनी मोबाईलवर फोटो काढले. समोरून, मागून, चुलीचा वेगळा. "मयत आतच आढळली म्हटल्यावर घर वापरात होतं हे सिद्धच होतंय," ते संगमेशला म्हणाले. "दुरुस्तीचा अर्ज याच्यातच निकाली काढू. वेगळी पाहणी नको." मग ते आनंदराजकडे वळले. "घरकुलाची अडचण आता राहणार नाही तुम्हाला."

आनंदराजने पुन्हा मान हलवली. ज्योत्स्ना बघत होती.

संगमेशने लिहून संपवलं आणि फळीसकट कागद आनंदराजपुढे धरला. "इथं सही." आनंदराजने पेन डाव्या हातात घेतला. मग तो कागदाकडे बघत थांबला, आणि कागद ज्योत्स्नाला दिला.

तिने वाचला. चतुःसीमा, भिंतीची लांबी, तुळया किती, पत्रे निरंक. खाली लिहिलं होतं: 'मयत ही घटनेच्या वेळी काही घरगुती कामानिमित्त घरात गेलेली होती.'

"ही ओळ बदला," ती म्हणाली.

"कोणती?" मंडळ अधिकाऱ्यांनी विचारलं.

"घरगुती काम न्हवतं. पाहणीला साहेब येणार म्हणून ती चूल पेटवून बसली होती. महिनाभर बसली. दहा ते पावणेसहा. तसं लिवा."

मंडळ अधिकाऱ्यांनी संगमेशकडे बघितलं. संगमेशने खाली बघितलं. "असं पंचनाम्यात येत नाही, ताई," मंडळ अधिकारी म्हणाले. "पंचनाम्यात जे डोळ्यांना दिसतं ते लिहितात."

"चूल दिसायली न्हवं? फोटो काढलात की आत्ताच."

 ओढ्याच्या बाजूने पाऊस येताना दिसायला लागला. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन सुरू केलं आणि पाणी वाढायच्या आत निघायला पाहिजे म्हणून हाक दिली.

"वहिनी, बॉडी न्यायची आहे," संगमेश हळूच म्हणाला. "पाणी चढतंय. सही झाली की... मी नंतर वेगळा जबाब घेतो तुमचा. शब्द देतो."

"मागच्या टायमाला बी साहेब उन्हात उभे होते," ज्योत्स्ना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तवा वाचू दिलं न्हाई."

तिने पेन आनंदराजच्या हातातून घेतला. सही केली नाही. कागद फळीवर सपाट केला, पहिले थेंब पडले त्या जागेवर पदर धरला आणि पहिल्या ओळीपासून, बोट ठेवत, पुन्हा वाचायला लागली. मंडळ अधिकारी, तलाठी आणि सरपंच तिच्याभोवती पावसात उभे राहिले.